यूपीआय फुकट, मग गल्ल्यावरच्या डबड्याचं भाडं कशाचं?

पाटीपेन्सिल

दिवाळीच्या आधी चार दिवस मिरजेला होतो. बाबांचं कॉलेजसमोर स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून सकाळचे अडीच तास गल्ल्यावर मी. शेजारी ते बोलकं डबडं. कंपन्या त्याला साऊंडबॉक्स म्हणतात, आमच्याकडे सगळे स्पीकर म्हणतात आणि समोर चिकटवलेल्या क्यूआरला 'स्कॅनर'. (स्कॅन करणारा फोन विचारणाऱ्याच्याच हातात असतो, पण असो.)

"दोन रुपये प्राप्त झाले." "पाच रुपये प्राप्त झाले." "दोन रुपये प्राप्त झाले."

वाया गेलेल्या एका झेरॉक्सच्या पाठीवर रेघा मारत बसलो. अडीच तासांत डबडं ५३ वेळा बोललं, त्यात ३८ वेळा रक्कम वीसच्या आतली. एक पोरगा आधारकार्डाची पुढची बाजू काढून दोन रुपये देऊन गेला. पाच मिनिटांनी धापा टाकत परत आला, मागची बाजू राहिली म्हणून. पुन्हा दोन रुपये.

त्या दोन रुपयांसाठी त्याचं ॲप, ॲपमागची बँक, यूपीआय चालवणारी मुंबईची एनपीसीआय, त्याच्या खात्याची बँक, बाबांची बँक आणि डबड्यातलं सिमकार्ड एवढं सगळं जागं झालं. आणि या व्यवहारावर कोणी दमडी कापली नाही. कापताच येत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क, शून्य आहे आणि ते कायद्यात बसवलेलं आहे.

रात्री हिशेब लिहिताना बाबांच्या खात्याचा उतारा बघितला. दर महिन्याला १२५ रुपये वजा. ते डबड्याचं भाडं, ठीक. पण रोज, अगदी रविवारीसुद्धा, २०० रुपये वजा.

"हे काय?"

"ते लोनचं."

"कसलं लोन?"

"जूनमध्ये वह्यांचा माल भरायला घेतलेलं. साठ हजार. बँकेत गेलो असतो तर दोन जामीनदार मागितले असते आणि वर आठ दिवस. इथं फोनवर तीन वेळा बोट लावलं, संध्याकाळी पैसे खात्यात."

३६० दिवस रोज २००, म्हणजे ७२ हजार. साठ हजारावर बारा हजार व्याज, बाबांच्या हिशेबाने वीस टक्के. पण मुद्दल रोज कमी होत जातं ना! उरलेल्या शिल्लकेवर काढलं तर तो दर वर्षाला पस्तीस टक्क्यांच्या वर जातो. ॲपमध्ये हा आकडा कुठेतरी लिहिलेला असेलच, बाबांनी मात्र पाहिला फक्त रोजचा दोनशे. (कंपनीचं नाव विचारू नका. सगळ्यांचं दुकान थोड्याफार फरकाने असंच चालतं.)

तेव्हापासून डोक्यात हा धागा घोळतोय. आपण 'भारताने जगाला फुकट पेमेंट दिलं' म्हणतो. यूपीआयबद्दल मलाही अभिमान आहे. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन यांनी मुंबईत ते सुरू केलं, तेव्हा मी त्याला आणखी एक सरकारी ॲप समजलो होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. रक्कम २४ लाख कोटींच्या वर. असं दुसरं काही आपल्याकडे इतक्या झपाट्याने पसरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पण खर्च तर होतोच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये एक चर्चापत्र काढलं होतं. त्यात अंदाज होता की दुकानात सरासरी ८०० रुपयांचं यूपीआय पेमेंट झालं तर सगळ्यांचा मिळून सुमारे २ रुपये खर्च येतो. त्यावर गदारोळ झाला आणि चारच दिवसांत अर्थ मंत्रालयाने 'शुल्क लावायचा विचार नाही' असं सांगून टाकलं. त्याऐवजी सरकार बँकांना आणि ॲपवाल्यांना प्रोत्साहनपर रक्कम देतं. २०२३-२४ मध्ये यूपीआयपोटी ही रक्कम ३,२६८ कोटी होती. त्या वर्षीचे व्यवहार साधारण १३,१०० कोटी. भागाकार केला तर व्यवहारामागे २५ पैसे, चार आणे. २०२४-२५ साठी तरतूद १,५०० कोटी आणि व्यवहार साडेअठरा हजार कोटींच्या पुढे. म्हणजे आठ पैसे.

दोन रुपये खर्चाच्या कामाला कोणी आठ पैसे देत असेल आणि तरीही दोन-तीन कंपन्या त्या कामासाठी जिवाचा आटापिटा करत असतील, तर त्यांना पैसे दुसरीकडून मिळतायत हे उघड आहे. कुठून, ते मला बाबांच्या उताऱ्यात दिसलं. पेमेंट हा त्यांचा धंदाच नाही. पेमेंट म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. धंदा आहे भाड्याचा आणि कर्जाचा. आणि कर्ज कोणाला द्यायचं ते त्या डबड्यालाच सगळ्यात चांगलं कळतं, कारण बाबांच्या दुकानात जूनमध्ये किती गर्दी होते आणि मे महिन्यात कसा शुकशुकाट असतो हे बँक मॅनेजरला माहीत नाही, डबड्याला माहीत आहे.

फुकट ठेवून आपण नेमकं कोणाचं भलं केलं, याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं.

स्वल्पविराम

रुमाल टाकतेय. ऑफिसातून आल्यावर वाचते. तो 'मागची बाजू' विसरणारा पोरगा मात्र आमच्याच घरातला असावा.

खडूस_ग्राहक

रडगाणं पटलं नाही.

महिन्याला १२५ म्हणजे दिवसाला चार रुपये. त्यात सिम, चार्जर, बिघडलं तर बदलून, आणि हिशेब तोंडपाठ ठेवणारा पोऱ्या. कुठला पोऱ्या चार रुपये रोजावर राहतो?

कर्जाचं म्हणाल तर तुमच्या बाबांनी राजीखुशीने घेतलं. मिरजेत तारण न घेता साठ हजार संध्याकाळपर्यंत देणारा दुसरा कोण आहे? आहे ना, खासगी सावकार. महिना पाच टक्के, शिवाय कोरा चेक सही करून. म्हणजे वर्षाला साठ. त्यापुढे पस्तीस स्वस्तच.

पाटीपेन्सिल

@खडूस_ग्राहक, सावकाराचं अगदी मान्य. बाबाही तेच म्हणाले, जवळजवळ याच शब्दांत. माझा मुद्दा कर्ज वाईट हा नाहीच. एकीकडे 'व्यवहार फुकट' म्हणायचं आणि त्याचा खर्च कर्ज घेणाऱ्या दुकानदाराच्या व्याजातून काढायचा, म्हणजे गल्लीतल्या शंभर दुकानांचा खर्च त्यातली वीस गरजू दुकानं भरतात. त्यापेक्षा सगळ्यांनी थोडं थोडं भरलेलं काय वाईट?

जुना_कॅशियर

लेख आवडला. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा काउंटरवर, म्हणून चार शब्द.

रोजचे दोनशे वाचून पिग्मी आठवली. तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने ही योजना काढली, नंतर आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती डोक्यावर घेतली. एजंट रोज संध्याकाळी दुकानात यायचा, दहा-वीस रुपये घ्यायचा आणि पुस्तकात टिकली मारायचा. ते पैसे दुकानदाराचे साठायचे आणि त्यावर त्याला कर्जही मिळायचं. एजंटला कमिशन मिळायचं, पण खरं भांडवल होतं त्याची नजर. कोणाचं दुकान बसत चाललंय हे मॅनेजरच्या आधी त्याला कळायचं. "साहेब, अमक्याचं कर्ज जरा जपून" असं हळूच सांगून जायचा.

डबडं म्हणजे तोच एजंट, फक्त उलटा. आधी पैसे देतं आणि मग रोज घेऊन जातं.

आता बँकेची बाजू. रोख रक्कम फुकट नव्हती हो कधीच. नोटा मोजणं, फाटक्या वेगळ्या करणं, गाडी, बंदूकवाला, एटीएम भरणारी एजन्सी, विमा. यूपीआय वाढल्यावर त्यातलं बरंच कमी झालं, ते कोणी जमेला धरत नाही. शिवाय दुकानदाराचे पैसे गल्ल्यात न पडता थेट चालू किंवा बचत खात्यात येतात आणि ते स्वस्त ठेवी म्हणून बँकेला वापरता येतात. त्यामुळे बँका ओरडतात त्यातलं निम्मं खरं.

उरलेलं निम्मं मात्र खरोखर खरं. फायदा ज्या बँकेत दुकानदाराचं खातं तिला. खर्च ज्या बँकेत पगारदाराचं खातं तिला. पगार आला की पंधरा दिवसांत पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी गळून जातो आणि प्रत्येक थेंबाला सर्व्हर हलवावा लागतो. आमच्याकडे पासबुक छापायला आलेल्या एका कॉलेजकन्येचं पुस्तक दोन महिन्यांत संपलं होतं. दुसरं दिलं, तेही अर्धं भरलं. सगळं वडापाव आणि रिक्षा.

कोडगा

पेमेंटच्याच क्षेत्रात कोड पाडतो, त्यामुळे राहवत नाही.

पाटीपेन्सिल, भागाकार चुकलाय. सरकारची रक्कम सगळ्या यूपीआय व्यवहारांवर नाही, फक्त माणूस ते दुकान या प्रकारावर. तुम्ही आईला पाठवलेले पाच हजार त्यात येत नाहीत. दुकानातले व्यवहार एकूण संख्येच्या साठ टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे २०२३-२४ ला चाळीस-बेचाळीस पैसे आणि २०२४-२५ ला तेरा पैसे येतील. तेही २०२४-२५ ची योजना फक्त छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना, रकमेच्या ०.१५ टक्के दराने. म्हणजे तुमच्या दोन रुपयांच्या झेरॉक्सवर किती? पैशाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. तो पाच-सहा जणांत वाटायचा.

आणि 'दोन रुपये खर्च' हाही ८०० च्या व्यवहाराचा अंदाज आहे, तो शेकडा दर नाही. सर्व्हरला दोन रुपये आणि दोन लाख सारखेच. झेरॉक्सवाल्याने दिवसभर दोन-दोन रुपये घ्यायचे म्हणजे आम्हा लोकांचा काळ.

फुकटचा आणखी एक दुष्परिणाम धाग्यात आला नाही. फुकट नळाला तोटी नसते. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कित्येक तास आडवं झालं होतं, आठवतंय? कारण काय निघालं, तर काही बँकांकडून 'त्या व्यवहाराचं काय झालं' अशी विचारणा करणाऱ्या विनंत्यांचा मारा चालू होता. जुन्या व्यवहारांचीसुद्धा पुन्हा पुन्हा विचारणा. प्रत्येक विचारण्याला चार पैसे पडले असते तर कोणी असा कोड लिहिला असता का? मग १ ऑगस्टपासून नियम आला की एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येईल. ५० हा आकडा वाचून बायको म्हणाली, एवढ्यांदा बघून शिल्लक वाढते का?

पाटीपेन्सिल

@कोडगा दंडवत. आकडे सुधारून घेतो. पण दिशा तीच राहते ना, बेचाळीसवरून तेरावर?

कोडगा

दिशा तीच. उलट जास्त वाईट.

तिखटमीठ

मी पुण्यात पोळीभाजी केंद्र चालवते, कर्वेनगरात. तुम्ही सगळे एमडीआर-फेमडीआर बोलताय, पण स्पीकर मी का घेतला ते सांगते.

दुपारी साडेबारा ते दोन माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. हात पिठाचे. पोरं फोनची स्क्रीन दाखवतात, हिरवी टिकली, "काकू, केले", आणि डबा घेऊन जातात. संध्याकाळी हिशेबात दोनशे-तीनशे कमी. एकदा एकाला थांबवून फोन नीट बघितला, तर तारीख आदल्या दिवशीची. कालचाच स्क्रीनशॉट! चेहरा असा की जणू मीच त्याचा डबा चोरला. त्या दिवसापासून स्पीकर. भाडं आठवड्यातच वसूल झालं. आता तो बोलल्याशिवाय डबा हातात देत नाही. मध्येच नेटवर्क गेलं की मी, गिऱ्हाईक आणि मागची रांग, सगळे त्या डबड्याच्या तोंडाकडे बघत उभे.

म्हणून खडूसरावांशी सहमत. मला भाड्याचं काही वाटत नाही. मला भीती आहे ती वेगळीच. जुलै २०२५ मध्ये बंगळूरला छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, लोकांनी 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'चे कागद लावले. भाजीवाले, बेकरीवाले, चहावाले. माझी उलाढाल २० लाखांच्या आत आहे, सगळं कागदोपत्री आहे, तरी पोटात गोळा आला. ज्या खात्यात धंद्याचे येतात त्यातच भिशीचे आणि भावाने पाठवलेले येतात, ते साहेबाला कोण समजावणार?

स्वल्पविराम

वाचलं सगळं. तिखटमीठ, खाती वेगळी करा हो आजच. अवांतर: पत्ता द्या, डबा लावायचाय.

अटकेपार

फ्रँकफुर्टहून. इथली गंमत सांगतो. युरोपात २०१५ च्या डिसेंबरपासून कार्डावर बँका आपापसात जे शुल्क घेतात त्याला मर्यादा आहे, डेबिटला ०.२ टक्के, क्रेडिटला ०.३. शून्य नाही, पण माफक. तरीही आमचा कोपऱ्यावरचा बेकरीवाला दहा युरोच्या खाली कार्ड घेत नाही. पाव आणायला मी अजून खिशात चिल्लर घेऊन जातो, आणि भारतातून आलेल्या मेहुण्याने त्यावर माझी यथेच्छ खिल्ली उडवली.

ब्राझीलचं बघा. त्यांचं यूपीआय म्हणजे पिक्स, ते नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, तेही तिथल्या मध्यवर्ती बँकेने चालवलेलं. सामान्य माणसाला फुकट, पण धंदेवाल्याकडून बँकेला शुल्क घ्यायची मुभा. तरी तुफान चाललं. म्हणजे शून्याशिवाय पसरलंच नसतं, हे म्हणणं मला तपासून घ्यावंसं वाटतं.

शेअरबोका

खरी मजा कंपन्यांच्या ताळेबंदात आहे.

पेटीएमची सुरुवात वॉलेटपासून. वॉलेटमध्ये पैसे अडकून पडायचे, त्यातून कमाई होती. यूपीआयने वॉलेटची गरजच संपवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये १८,३०० कोटींचा आयपीओ, भाव २,१५०. पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद. (मी घेतले नव्हते. अक्कल होती म्हणून नव्हे, पैसे नव्हते.) तेव्हा सगळ्या विश्लेषकांचा एकच प्रश्न होता: हे लोक पैसे कशावर मिळवणार? उत्तर पाटीपेन्सिलच्या बाबांच्या उताऱ्यात आहे, भाडं आणि कर्जवाटप. कर्ज स्वतःचं नाही, कुठल्यातरी एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीचं. ॲपवाला गिऱ्हाईक आणून देतो, वसुली करून देतो आणि त्यावर कमिशन घेतो.

जानेवारी २०२४ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने त्यांच्या पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. मे महिन्यात शेअर ३१० पर्यंत आपटला होता. ऑगस्टमध्ये सिनेमाच्या तिकिटांचा धंदा झोमॅटोला २,०४८ कोटींना विकून टाकला. लोकांना वाटलं घरातलं सोनं मोडतायत. पण ठेवलं काय ते बघा: डबडी. जून २०२५ पर्यंत भाड्याने दिलेली यंत्रं सव्वा कोटीच्या वर, आणि त्या तिमाहीत १२३ कोटींचा नफा. एरवीच्या कामातून पहिल्यांदाच. कोणतं दुकान मोडायचं आणि कोणतं राखायचं हे त्यांना बरोबर कळलं.

जुना_कॅशियर

बोक्याने चांगलं मांडलंय. एक पुरवणी. या कर्जात ॲपवाल्याने स्वतःची हमी किती द्यायची त्यावर रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये ५ टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे वाटलेल्या शंभर रुपयांमागे बुडीतातले फार तर पाच ॲपवाल्याचे, त्यापुढचं बुडीत एनबीएफसीचं. पिग्मी एजंटची हमी शून्य होती, पण त्याला त्याच गल्लीत राहायचं असायचं.

पाटीपेन्सिल

वा. आता मला जे मुळात म्हणायचं होतं ते नीट म्हणता येईल.

भाव शून्य केला की स्वस्त विकून पुढे जाण्याचा रस्ताच बंद होतो. उद्या सांगलीच्या दोन पोरांनी फोनपेपेक्षा चांगलं ॲप केलं, तर ते काय सांगणार? 'आमचं त्याहून फुकट'? शून्याच्या खाली जायचं म्हणजे कॅशबॅक, आणि कॅशबॅकला लागतो बाप. फोनपेचा बाप वॉलमार्ट, गूगल पेचा गूगल. दोघांत मिळून यूपीआयचे ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार आहेत. एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम काढला की कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको. मग मुदत २०२२ अखेर, मग २०२४ अखेर, आता २०२६ अखेर. अंमल करायचा तर करोडो लोकांना 'तुमचं ॲप भरलं, दुसरं घ्या' सांगावं लागेल. ते कोण सांगणार?

सरकारने शुल्क काढलं ते लहान दुकानदारासाठी, हेतू चांगला. झालं असं की या धंद्यात तेच टिकले ज्यांना पेमेंटमधून मिळवायची गरज नव्हती.

खडूस_ग्राहक

हे पटलं. पहिला लेख असा लिहायचा होतात.

मग उपाय काय? कंपन्यांच्या संघटनेने मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. म्हणणं असं की हे चालवायला वर्षाला दहा हजार कोटी लागतात, तुम्ही देता दीड हजार, तेव्हा मोठ्या दुकानदारांच्या यूपीआयवर तरी ०.३ टक्के लावा. जूनमध्ये बातम्या फिरल्या आणि अर्थ मंत्रालयाने त्या साफ खोट्या म्हणून सांगितलं. मला विचाराल तर लावावं. मॉलला क्रेडिट कार्डावर पावणेदोन-दोन टक्के देताना काही होत नाही, मग यूपीआयवर शंभराला तीस पैसे दिल्याने काय आभाळ कोसळणार आहे?

तिखटमीठ

आज मॉल, उद्या मी. सुरुवात नेहमी मोठ्यांपासून होते.

कोडगा

ती भीती रास्त आहे, पण दार आधीच किलकिलं झालंय. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले तर २,००० च्या वर दुकानदाराला शुल्क लागतं. वॉलेटमधून यूपीआयने २,००० च्या वर दिले तर एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत शुल्क आहे. आता कुठलंही ॲप उघडा, कपाळावर जाहिरात कसली? 'क्रेडिट कार्ड जोडा.' उगाच नाही.

जुना_कॅशियर

आणि २०२० च्या आधी डेबिट कार्डावर छोट्या दुकानाला ०.४ आणि मोठ्याला ०.९ टक्के कमाल मर्यादा होतीच. लहान-मोठा भेद करता येतो, केलेला आहे. शून्यावर यायच्या आधी तो चालत होता.

तिखटमीठ ताई, तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. वीस लाखांची रेघ कागदावर सोपी असते.

स्वल्पविराम

पाटीपेन्सिल, बाबांच्या कर्जाचं पुढे काय केलंत? एकरकमी भरून टाकता येत असेल ना?

पाटीपेन्सिल

भरायला निघालो होतो. ॲपवाल्यांच्या मदतवाणीवर सतरा मिनिटं संगीत ऐकलं. मग कळलं, आधी बंद केलं तर व्याजात सूट फारशी नाही आणि वर एक शुल्क आहे. बाबा म्हणाले राहू दे, रोजचे दोनशे काही अंगावर येत नाहीत, संपतील जूनपर्यंत.

काल फोन झाला. दाढ काढली, आता बरंय. आणि म्हणाले ॲपवर नवीन आलंय, 'आपण ९० हजारांसाठी पात्र आहात.' बटण दाबू नका म्हटलं. "दाबत नाही रे," म्हणाले, "पण जूनला वह्या कोण भरून देणार, तू?"

खडूस_ग्राहक

दे की मग.

पाटीपेन्सिल

देतोय. यूपीआयनेच.